फिल्टरच्या डब्यात काय भरावे

सिरॅमिकची कोरडी रिंग पाण्याने भरलेल्या मगात टाकली की तिच्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. कान जवळ नेला तर किंचित चुरचुरही ऐकू येते. प्युमिसचा खडा तर सुरुवातीला तरंगतोच. आतली हवा निघून पाणी मुरेपर्यंत तो बुडत नाही. मत्स्यालयाच्या फिल्टरमध्ये भरायच्या ‘बायो मीडिया’ची सारी कीर्ती या बुडबुड्यांमागच्या पोकळीवर उभी आहे. दुकानाच्या फळीवर पांढऱ्या रिंगा, करड्या गोट्या, तांबूस लाव्हा रॉक, काळे बायोबॉल आणि निळे-काळे स्पंज शेजारी शेजारी मांडलेले असतात. महागातल्या पाकिटांवर एका लिटर मीडियामागे किती चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो याचा आकडा ठळक छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितकी किंमत चढी. माशांबरोबर झाडेही वाढवायची असतील, म्हणजे टाकी प्लांटेड असेल, तर यातले काय निवडावे हा प्रश्न मात्र त्या आकड्याने सुटत नाही.

पृष्ठभाग हवा असतो तो जिवाणूंना. खाल्लेल्या प्रथिनांतला जास्तीचा नायट्रोजन मासा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. न खाल्लेले दाणे, कुजणारी पाने यांतूनही शेवटी अमोनियाच सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी. अमोनियाने कल्ले होरपळतात आणि नायट्राइट रक्तातले हिमोग्लोबिन असे अडवून ठेवते की कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी पडतो. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे काम करणारे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. कशाला तरी चिकटून, बुळबुळीत थर करून राहतात. वाढीलाही ते मंद. आतड्यातला ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर यांना तेवढ्यासाठी अर्धा-एक दिवस लागतो. नवी टाकी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे तिच्यात पुरेसे जिवाणू वसायला, चार ते सहा आठवडे जातात ते याच संथपणामुळे.

या विषयाच्या इतिहासात एक बापलेकांची जोडी आहे. थोरले रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनशास्त्रज्ञ. बारा गॅलनच्या काचपात्रात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप ठेवले. काही दिवसांनी रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर शेवाळ धरले. मग त्यांनी आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पती आणि प्राणी एकमेकांना कसे सांभाळतात याचा हा वृत्तांत १८५० साली त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडला. प्लांटेड टाकीचा उगम बहुतेकदा इथूनच मोजतात. फिल्टर नावाची वस्तू त्या काचपात्रात नव्हती.

त्यांचा मुलगा, तोही रॉबर्ट वॉरिंग्टनच, रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात काम करू लागला. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यून्ट्झ यांनी वाळू आणि चुनखडीची भुकटी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी झिरपवले होते. सुमारे वीस दिवसांनी खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, आणि पुढे थोडी माती कालवलेले पाणी ओतल्यावर पुन्हा सुरू झाले. हे काम जिवंत कोणीतरी करत आहे याबद्दल मग शंका उरली नाही. बायो मीडियाने भरलेला फिल्टर म्हणून या नळीकडे बोट दाखवले तर ते चुकीचे ठरणार नाही. धाकट्या वॉरिंग्टनने हा धागा पुढे नेला आणि काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते असे दाखवले. पण ते जीव वेगळे काढणे काही त्याला साधले नाही. त्या काळी जिवाणू वाढवायची रुळलेली रीत म्हणजे जिलेटिन, आणि हे जिवाणू त्यावर वाढायला राजी नसत. १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने सेंद्रिय अन्नाचा कण नसलेल्या द्रावणात त्यांना वाढवून दाखवले आणि श्रेय त्याच्या पदरात पडले. प्लांटेड टाकीत पाणी कोण सांभाळते, या प्रश्नाला बापाचे उत्तर ‘झाडे’ आणि लेकाचे ‘जिवाणू’. मीडियाची निवड आजही या दोन उत्तरांच्या मध्ये कुठेतरी होते.

पुढची शंभर वर्षे पुस्तकांतून दोनच नावे फिरत राहिली, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा नायट्राइटचे काम तिथे नायट्रोस्पायरा करते असे निघाले. २००५ मध्ये सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टाकीतून अमोनिया खाणारा आर्किया सापडला. म्हणजे तो जिवाणूही नव्हे, निराळ्याच कुळातला. नंतर गोड्या पाण्याच्या फिल्टरांतही त्याचे भाऊबंद भरपूर मिळाले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकहाती पार पाडणारा नायट्रोस्पायरा उजेडात आला, आणि तो हाती लागलेल्या ठिकाणांपैकी एक होते मत्स्यपालनाचे फिल्टर. बाटलीबंद जिवाणूंच्या काही लेबलांवर अजून नायट्रोबॅक्टरचेच नाव असते. हौशी माणसाने या नामावळीचा फार घोर लावून घेऊ नये. डब्यात आपोआप वस्तीला येतात ते पाकिटावरचे नाव वाचून येत नाहीत. त्यांना अमोनिया, प्राणवायू आणि बसायला जागा एवढेच लागते.

यातल्या पहिल्याच गोष्टीवर झाडांचा डोळा असतो. मिळाला तर बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात. कारण सरळ आहे: नायट्रेट घेतले तरी प्रथिने बनवण्यासाठी त्याचे पुन्हा अमोनियमच करावे लागते आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. फिल्टरमधले जिवाणू आणि झाडे एकाच ताटावर बसलेले असतात, आणि दाट झाडे असलेल्या टाकीत जिवाणूंना मुद्दाम जास्तीची जागा करून देण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे. माती, उजेड आणि भरघोस वाढणारी झाडे यांवर चालणाऱ्या त्यांच्या पद्धतीच्या टाक्या आज जगभर आहेत. पाण्याची किंचित हालचाल सोडली तर त्यांत फारसे यंत्र नसते.

तरीही डबा अगदी रिकामा ठेवता येत नाही, कारण झाडे नेहमी भुकेली नसतात. हायड्रिला, सेराटोफायलम, हायग्रोफिला यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे अमोनियम भराभर ओढतात. अनुबियास आणि जावा फर्न महिन्याला मोजकी पाने टाकतात. ती कितीही शोभिवंत असली तरी पाण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवू नये. क्रिप्टोकोरायनींची तऱ्हा आणखी वेगळी. यातली एक, क्रिप्टोकोरायनी स्पायरालिस, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ओढ्यांच्या काठी आणि ओलसर खाचरांत आपसूक उगवते. पण या कुळातली रोपे एका टाकीतून दुसरीत नेली, की पुष्कळदा त्यांची सगळी पाने आठवडाभरात काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. मुळे जिवंत राहतात, नवे कोंब येतात. पण मधल्या काळात ज्यांनी अमोनिया शोषायचा तीच झाडे तो सोडत बसतात. नव्या टाकीत तळाला घातलेली खतयुक्त माती पहिले काही आठवडे अमोनिया सोडते ती वेगळीच. घरी पाहुणे आले आणि पोरांनी हौसेने दाण्यांचा अर्धा डबा टाकीत ओतला, अशा दिवशीही फिल्टरमधलेच जिवाणू धावून येतात. मीडिया ठेवायचा तो अशा अडीनडीसाठी. रोजचे ओझे झाडे वाहतात.

आता पृष्ठभागाच्या आकड्याकडे. एक जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा. भाजलेल्या मातीत किंवा काचेत त्याहून बारीक छिद्रे असतात, आणि मोजणीत तीही धरली की आकडा फुगतो. त्यांत जिवाणू शिरूच शकत नाही. त्याहून मोठ्या छिद्रांत तो शिरतो, पण तिथे गोष्ट अडते प्राणवायूवर. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. खड्याच्या आत पाणी वाहत नाही. जे काही पोचायचे ते कणाकणाने झिरपत पोचते. बाहेरच्या थरातले जिवाणू वाटेतच प्राणवायू संपवून टाकतात. शंभर खोल्यांच्या वाड्याला एकच बोटभर दार असावे तसा हा प्रकार: खोल्या मोजल्या तर शंभर, पण वारा खेळतो तो ओसरीवरच. प्रत्यक्षात काम करणारा थर मिलीमीटरच्या छोट्या अंशाइतका जाड असतो, आणि तोही जिथे पाणी वाहते तिथेच. शिवाय गाळाने बाहेरची छिद्रे बुजली की महागडी रिंग आणि नदीतला गोटा यांत थोडेच अंतर उरते.

आतल्या भागात प्राणवायू नसतो याचेच भांडवल करणारी जाहिरातही असते. तिथे राहणारे दुसरे जिवाणू नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू सोडतात, त्यामुळे पाण्यातले नायट्रेट घटते, असा तिचा दावा. ही प्रक्रिया खरी आहे. पण त्या जिवाणूंना सेंद्रिय कार्बनही लागतो, आणि लहानशा फिल्टरच्या डब्यात हे सगळे मनाजोगते जुळून येण्याची खात्री नसते. मुख्य म्हणजे प्लांटेड टाकीत नायट्रेट हे खत आहे. झाडे जोमात असली की ते संपते आणि वरून घालावे लागते. द्राक्षबागायतदार ज्या १३:००:४५ ची फवारणी करतात ते पोटॅशियम नायट्रेटच, आणि कित्येक हौशी लोक कृषी सेवा केंद्रातून तेच आणून चिमटीने टाकीत घालतात. एका हाताने नायट्रेट घालायचे आणि दुसऱ्या हाताने ते घालवणारा मीडिया विकत घ्यायचा, याला काही अर्थ नाही.

या हिशेबाने पाहिले तर सर्वांत साधी वस्तू पुढे येते, ती म्हणजे स्पंज. मत्स्यालयाचा स्पंज हा उघड्या जाळीचा फोम असतो. एका इंचात किती छिद्रे यावरून त्याची प्रत ठरते. वीस ते तीसची जाळी बहुतेक टाक्यांना योग्य. त्याहून बारीक असेल तर आठवड्यात तुंबतो, फार जाड असेल तर गाळ आरपार जातो. फोमच्या प्रत्येक धाग्याला वाहते पाणी लागते, म्हणून त्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग कामी येतो. तोच गाळही अडवतो. झिंगे पाळलेल्या टाकीत तर दिवसभर एखादा झिंगा स्पंजवर बसून बारीक चिमट्यांनी काहीबाही वेचून खात असतो. त्या थरात त्याला पुरेल इतके जीवन वाढलेले असते. गादीचा फोम कापून वापरू नये. त्याची जाळी बारीक आणि अर्धवट बंद असते, आणि त्यात काय मिसळले आहे ते कळायला मार्ग नसतो.

रिंगा, भाजलेल्या काचेच्या नळ्या, प्युमिस आणि लाव्हा रॉक हे सगळे चांगलेच आहेत; फक्त ते स्पंजच्या नंतर, गाळ निघून गेलेल्या पाण्यात ठेवायचे. त्यांचा खरा गुण टिकाऊपणा. स्पंज काही वर्षांनी लिबलिबीत होतो, खडा तसाच राहतो. कौलाचे किंवा न रंगवलेल्या मातीच्या कुंडीचे तुकडेही हेच काम करतात, आणि त्यांना जवळपास काही खर्च नाही. बायोबॉल बनवले गेले ते वरून पाणी ठिबकणाऱ्या उघड्या फिल्टरसाठी. पाण्यात बुडवून ठेवले तर त्यांचा पृष्ठभाग तोकडाच पडतो. आणि तसा ठिबकणारा फिल्टर झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाकीला सोयीचा नाही, कारण सिलिंडर विकत आणून विरघळवलेला वायू तो हवेत उधळून टाकतो. पाण्यात घुसळत राहणारी प्लास्टिकची चाके माशांच्या शेतीत उत्तम. घरच्या टाकीत जागाही खातात आणि आवाजही करतात.

लाव्हा रॉक विकत कशाला घ्यायचा, सह्याद्री तर सगळा लाव्हाच, असे कोणाच्याही मनात येईल. पण दख्खनच्या बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्या पुष्कळ ठिकाणी नंतर खनिजांनी भरून गेल्या आहेत. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या खाणींमधून निघणारी स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइटची स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही पाहता येतात. काही पोकळ्यांत कॅल्साइट असते, आणि ते पाणी जड करते. म्हणून कुठलाही दगड टाकीत घालण्याआधी त्यावर लिंबू पिळावे. फसफसला तर बाहेर ठेवावा. ह्युलँडाइटचा जवळचा नातलग क्लिनोप्टिलोलाइट हा दुकानात ‘झिओलाइट’ म्हणून मिळतो. तो अमोनियम खरोखर धरून ठेवतो. पण त्यामुळे झाडे आणि जिवाणू दोघेही उपाशी राहतात, आणि भरला की त्याचे काम थांबते. वर आजारी माशासाठी कोणी टाकीत मीठ घातले तर धरलेले अमोनियम तो परत पाण्यात सोडतो. आणीबाणीत एखाद-दोन दिवस ठीक. कायमचा मीडिया म्हणून नको.

पाण्याचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातली क्षारता खाते. एका ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमहून थोडी जास्त. श्लोसिंग-म्यून्ट्झ यांच्या नळीतली चुनखडी हेच आम्ल मारत होती. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून मुंबईला येणारे पाणी मुळात मऊ, त्यामुळे तिथल्या टाकीत पाणी बदलण्याचा आळस केला की सामू घसरतो आणि जिवाणू मंदावतात. अशा ठिकाणी डब्यात प्रवाळाचा चुरा मूठभर ठेवता येतो. देशावरच्या बोअरच्या जड पाण्याला त्याची गरज नाही. तिथे काळजी उलट बाजूची. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात जेमतेम अर्धा टक्का असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. जड पाण्यातल्या टाकीत म्हणूनच मीडियाचे काम चोख चालू असायला हवे.

उन्हाळा आणि भारनियमन या दोन गोष्टी परदेशी पुस्तकांत फारशा भेटत नाहीत. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या टाकीत तो त्याहूनही कमी. त्यात वीज गेली की कॅनिस्टरमधले, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरमधले, पाणी जागच्या जागी थांबते, आणि आतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात. वीज आल्यावर तेच कुबट पाणी टाकीत शिरते. मीडिया जितका गच्च भरलेला आणि गाळाने माखलेला, तितके हे लवकर होते. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर उघडून, ते पाणी ओतून देऊन मगच सुरू करावा. बॅटरीवरच्या एअर पंपाने चालणाऱ्या स्पंज फिल्टरला ही कटकटच नाही.

मीडिया कोणताही असो, धुण्याची रीत चुकली की निवड वाया जाते. पाणी बदलताना टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज बुडवून दोन-तीनदा दाबायचा. चहासारखे तपकिरी पाणी निघते, त्याला ओल्या मातीचा वास येतो. तो वास चांगला. सडक्या अंड्याचा आला तर आत कुठेतरी पाणी अडले आहे असे समजावे. स्पंज पुन्हा नव्यासारखा दिसेपर्यंत चोळू नये. नळाखाली तर धरूच नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो जिवाणू मारण्यासाठीच, आणि त्याला चांगले-वाईट कळत नाही. पावसाळ्यात पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो तेव्हा तर विशेष जपावे. डब्यात दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा.

दाट झाडांच्या दोन फुटी टाकीला एक चांगला स्पंज पुरतो. त्यामागे मूठ-दोन मुठी रिंगा किंवा लाव्हा रॉक असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. मोठ्या आकड्याच्या पाकिटाचे पैसे वाचतील त्यांत झपाट्याने वाढणारी झाडे आणावीत. आणि नवा मीडिया विकत घेण्याआधी ज्याची टाकी जुनी आहे आणि मासे निरोगी आहेत अशा ओळखीच्या माणसाकडे वापरातल्या स्पंजचा तुकडा मागावा. तो त्याच्याच टाकीच्या पाण्याने ओला ठेवून, पिशवीत हवा राखून, त्याच दिवशी आपल्या डब्यात घालावा. जाणते हौशी लोक असा तुकडा सहसा नाकारत नाहीत.